डोळ्याच्या कोपऱ्यातली स्प्रिंग

सोमवार, ४ मार्च

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. डोकं कसं आहे? — उजवी बाजू ठीक, डावी रुसलेली. डावा डोळा? — पाणावतोय, पण आहे जागेवर. मान? — घरातल्या थोरल्या सुनेसारखी. सगळ्यांचा भार वाहते आणि कुणी विचारत नाही. कान? — त्याच्या आत काही बिघाड नाही म्हणतात, पण शेजारच्या भांडणाचा आवाज पहिल्यांदा त्यालाच ऐकू येतो. आणि कानापुढचा जबड्याचा सांधा? — त्याचं नाव काढू नये. सकाळी जांभई दिली तर कट्ट! मनी स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, काय मोडलं?"

म्हटलं, मीच.

बाकी गुडघे, पोट, हात — सगळे मजेत. त्यांच्या जिवावर चाललंय.

डोक्याच्या डॉक्टरांनी एक छापील कागद दिलाय. महिनाभराचे चौकोन. दुखलं का, किती दुखलं, गोळी कुठली, झोप कशी, ते रोज लिहायचं. चौकोन एवढे बारीक की माझी जांभईसुद्धा त्यात मावायची नाही! म्हणून ही वही काढली. कागद डॉक्टरांचा. वही माझी.

मनी माझी लेक. खालचं दुकान आता तीच चालवते. जुने सोफे, खुर्च्या उसवायच्या, नव्याने भरायच्या, कापड चढवायचं. मी वर. मधे नुसत्या फळ्या. खाली तिचा हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला की माझ्या पलंगाचे पाय थरथरतात, आणि स्टेपलगन फट् फट् करायला लागली की प्रत्येक पिन माझ्याच कपाळात बसते.

मनी म्हणाली, "आई, कागद खरा भर हं. महिनाअखेर डॉक्टर काय म्हणतात ते बघू. आवाजानेच होत असेल तर मी दुकान बंद करते. शोरूमवाल्यांना हो म्हणून टाकते."

गावाबाहेर फर्निचरचं मोठं शोरूम झालंय. त्यांना गिऱ्हाइकांना कापड निवडून देणारी जाणती बाई हवीय. टेबल, खुर्ची, पंखा. ना ठोक ना ठाक.

"माझ्या डोक्यापायी दुकान बंद? डोकं काय आज दुखायला लागलंय?"

ती कात्री पुसत बसली.

दुपारी दुखलं. बरंच. उलटीही झाली. कागदावर लिहिलं — दुखलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

खोटं लिहिलं. सकाळी वाटलं, खोडावं. नाही खोडलं.

दुकान यांचं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पाटीवर तरी. पण यांचा जीव गप्पांत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, चहा मागवायचा, त्याच्या आजोबांपासून चौकशी सुरू. हात चालवायला एक कारागीर होता. मी लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत तो भांडून गेला. गेला तो गेलाच. मागे एक आरामखुर्ची, पोट फाडून ठेवलेली. आणि उद्या गिऱ्हाईक दारात! हे कपाळाला हात लावून बसले.

मी म्हटलं, मी बघते. "तू?" म्हणाले. "तुला यातलं काय येतं?" म्हटलं, उसवता तर येतं!

नणंदेला हाताशी घेतलं. वन्सं माझ्याहून धाकट्या, पण जिभेने थोरल्या. दुकानात एक धड खुर्ची होती. तिचं कापड खिळा-खिळा करून उतरवलं आणि कशावर काय आहे ते बघत गेलो. तळाला नवारीच्या पट्ट्या, वर स्प्रिंगा, मग गोणपाट, मग काथ्या, मग कापूस, मग कापड. बघायचं आणि तसंच दुसरीला करायचं. दोघी नखशिखांत काथ्यात. सासूबाई म्हणाल्या, "या कुठल्या अस्वलिणी आणल्यात घरात?"

खुर्ची उभी राहिली. जरा डावीकडे कलत होती. हे गिऱ्हाइकाला म्हणाले, "मुद्दाम तशी ठेवलीय. वाचणाऱ्याचं वजन डाव्या कुशीवर येतं ना!" गिऱ्हाईक खूश होऊन गेलं!

तिथपासून दुकान आमचं.

आणि मनी त्यातच वाढली. तिचं खरं नाव कुणाच्या लक्षात नाही. जो सोफा उसवलेला असेल त्याच्या पोटात जाऊन मांजरासारखी झोपायची, म्हणून मनी. हे दुकान माझ्या कपाळापायी बंद होणार असेल तर जळो ते कपाळ.

बुधवार, ६ मार्च

जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पोरसवदा आहे. हसरी. माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली.

"आजी, आ करा."

कट्ट!

"मिटा."

कट्ट!

"अरे वा, जातानाही आणि येतानाही!" — जसं काही मी बक्षीसच मिळवलं.

"झोपेत दात खाता का?"

"कुणावर खाणार? सासूबाई गेल्या, नवरा गेला, नणंद परगावी."

ती हसली, मग विचारलं, आधी काम काय करायचात? सांगितलं. बारीक खिळे मूठभर तोंडात टाकायचे. जिभेने एकेक पुढे आणायचा, डोकं ओठांबाहेर. हातोडीच्या एका तोंडाला चुंबक. तिने तो ओठांतून उचलायचा, टक्! उलटी करून ठोकायचा. दोन्ही हात कापड ताणायला मोकळे. आम्ही हे कुठे शिकलो? त्या पळालेल्या कारागिराला करताना बघितलं होतं, बस्स. आधी आठवडाभर लाकडी काड्या तोंडात धरून सराव केला.

"तोंडात? खिळे?" आता तिचाच जबडा उघडा.

"कधी गिळला नाही?"

"एकदा गिळला. हे घाबरून रिक्षा आणायला धावले. वन्सं म्हणतात कशा — दादा, आधी हिच्या पोटाला हातोडी लावून बघ, चिकटली तर रिक्षा कशाला?"

पोर खुर्चीतून पडायची राहिली!

मग समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं दात आवळून, ओठ मिटून काम केलं. सांध्याच्या आत एक छोटी गादी असते, ती जागची सरकलीय. म्हणून कट्ट होतं.

म्हणजे गादीच सरकली! माझीच! म्हटलं, "उसवून द्या, मी भरून देते."

अर्धशिशीचंही विचारलं. जबड्यामुळे डोकं की डोक्यामुळे जबडा? म्हणाली, दोन्ही आजार वेगळे, पण शेजारणी आहेत. एकीच्या घरात आदळआपट झाली की दुसरीला झोप नाही.

दातांवर घालायला प्लॅस्टिकचं एक आवरण करून देणार आहे. घास छोटा. शेक. आणि जांभईला खालून मुठीचा आधार. या वयात जांभई द्यायला शिकते आहे.

शनिवार, ९ मार्च

कागद — दुखलं नाही.

वही — दुखलं. दुपारभर. मनीला भेटायला कुणी आलं होतं, तिचं हसणं खालून ऐकू आलं. बरं वाटलं. डोकं दुखत असतानाही काही आवाज गोड लागतात.

दातांवरचं आवरण मिळालं. ते घातलं की बोलणं नाकातून येतं. आणि एकदम वन्संची आठवण झाली!

तोंडात खिळे असले की बोलता येत नाही. पण आम्ही दिवसभर बोलायचो. हुंकारांत. आखूड "हूं" म्हणजे हो. लांब "हूंऽऽ" म्हणजे तुझ्या बाजूला कापड ओढ. वर चढत जाणारा म्हणजे चहा? दोन तुटक म्हणजे सासूबाई जिन्यावर. आणि एक घशातला, खर्जातला — तो खास यांच्यासाठी. हे गिऱ्हाइकाला सांगत असायचे, "हे कापड बोटीने आलंय, साहेब," आणि मागून दोन बायकांचा एकदम खर्ज.

एका गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "या दोघींना काही होतंय का?"

"छे, त्या गातात," हे म्हणाले.

रविवार, १० मार्च

दुकान बंद. डोकं चालू. म्हणजे सगळा दोष आवाजाचा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण कागदाला सांगून काय उपयोग? त्याला आठवड्याचे बाकीचे दिवसही दिसतात.

बुधवार, १३ मार्च

आज स्प्रिंग आली.

मी तिला स्प्रिंगच म्हणते. सोफ्याच्या बैठकीखाली नागमोडी स्प्रिंग असते, लांब तार, दातेरी वळणांची. अगदी तीच. आधी डोळ्याच्या कोपऱ्यात एक ठिणगी, मग ती उलगडत जाते, चमचमते, थरथरते. वाचत असेन तर अक्षरं खाते. मनी समोर आली तर तिला एकच गाल! मग स्प्रिंग विरते. थोडा वेळ सामसूम. आणि मग दुखणं येतं — पाहुणा जिना चढत यावा तसं, एकेक पायरी वाजवत.

माझ्या आईलाही हेच. तेव्हा मायग्रेन वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं. आईची अर्धशिशी उठली, एवढंच. खिडकीवर चादर. घड्याळाची टिकटिक तिला सोसायची नाही, म्हणून आम्ही भावंडं घड्याळ दुलईत गुंडाळून कपाटात ठेवायचो. बाबा चपला हातात घेऊन घरात शिरायचे, चोरासारखे. धाकट्याला शिंक आली की आम्ही त्याच्या तोंडावर उशी धरायचो, तो बिचारा लालबुंद!

संध्याकाळी आई बाहेर यायची. केस विस्कटलेले, चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा. आणि त्या संध्याकाळी ती काय गोड असायची! रागवायची नाही, अभ्यास विचारायची नाही. एकेकाला जवळ घेऊन नुसती बसायची. खरं सांगू? आम्ही त्या संध्याकाळची वाट बघायचो. आईला दुखावं असं नाही वाटायचं, पण दुखून गेलेलं असावं असं वाटायचं. मुलांचं मन असं असतं.

एकदा म्हणाली, "तुमच्यातल्या कुणाला न येवो." मला आली. मनीला नाही आली. तेवढं देवाने ऐकलं.

कागद — दुखलं नाही. झोप उत्तम.

शनिवार, १६ मार्च

वन्संचा फोन. लांब लेकाकडे राहतात, पण जीभ अजून इथेच.

"वहिनी, तोंड उघडतं का गं?"

"तुमच्यापुढे कधी उघडलं होतं?"

"हो ना! माझा दादा म्हणायचा, बायको गरीब मिळाली. मी म्हणायचे, तोंडात खिळे आहेत तोवरच."

मग जुन्या गोष्टी. सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम आठवलं. अख्खं थिएटर उसवलं होतं आम्ही. काय काय निघालं त्या खुर्च्यांच्या फटींतून! कंगवे, कानातलं, चमचा, लहान मुलाचा एक बूट, कुणाचा तरी कवळीचा तुकडा. वन्संनी ती कवळी हुंकारत नाचवली आणि माझ्या तोंडातले सगळे खिळे फुर्र करून जमिनीवर. हे पडद्यासमोर उभे राहून आम्हाला म्हणाले, "बायांनो, खेळ सुरू होतोय!" दिवा लावून, रिकाम्या थिएटरात यांनी एकट्याने अख्ख्या सिनेमाची नक्कल केली. नायिकाही हेच, खलनायकही हेच. आम्ही दोघी उसवलेल्या खुर्च्यांत बसून टाळ्या पिटतोय, आणि मनी पहिल्या रांगेत काथ्याच्या ढिगावर झोपलेली.

हसता हसता त्यांना कागदाचं सांगून टाकलं. खोटं भरते म्हणून.

मग म्हणाल्या, "मनीला विचारलंस, तिला काय हवंय ते?"

"विचारायचं काय त्यात? दुकानात वाढलेली पोर ती."

पलीकडून नुसता हुंकार आला. कुठला ते ओळखू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, १९ मार्च

मनीने आज कॉम्प्रेसर लवकर बंद केला. म्हणे, कापड आलं नाही. माझ्यासाठीच केला असणार, वेडी. काळा चष्मा घालून वर आली. "डोळे आलेत का गं?" "धूळ गेली." जेवायलाही माझ्यासारखाच मऊ भात आणि दूध. म्हटलं, तुला काय झालंय, तू खा की नीट! "तुझ्याबरोबर तुझंच खाते," म्हणाली. वडिलांवर गेलीय. प्रेम करायचं पण आडून.

गोळ्या संपत आल्या. शेजारच्या किल्लीवाल्याला हळूच सांगितलं, औषधाच्या दुकानातून एक पाकीट आण, मनीला कळू देऊ नकोस. म्हणाला, "मावशी, कुलपं उघडणारा माणूस मी, मला कशाला गुपितं सांगता!" पण आणलं.

शुक्रवार, २२ मार्च

दुखलं. गोळी. दुखलं. गोळी.

कागद स्वच्छ.

रविवार, २४ मार्च

सकाळी जबड्याचा व्यायाम. आरशासमोर. जीभ टाळूला लावायची आणि तोंड हळू, सरळ रेषेत उघडायचं. माझं तोंड डावीकडे पळतं, त्या पहिल्या खुर्चीसारखं. मनी मागे येऊन उभी राहिली आणि तीही करायला लागली. दोघी मायलेकी आरशात, मासोळ्यांसारख्या. हसू आवरेना. हसताना माझं कट्ट झालं आणि कुठेतरी दुसरंही झालं असं वाटलं. भिंतीवरचं काहीतरी असेल.

मी म्हटलं, "मने, तू लहान असताना खालून हाक मारायचीस, आई, मी कुठल्या सोफ्यात आहे ओळख! आठवतं?"

"आठवतं. तू कधी ओळखायची नाहीस."

"मी मुद्दाम ओळखायची नाही गं."

"माहितीय," म्हणाली. आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून आरशात बघत राहिली बराच वेळ. लग्न करायचं राहिलं तिचं. राहिलं ते बरंच झालं, असं तीच म्हणते. केस पांढरे झालेत बाजूने. मला अजून काथ्याच्या ढिगावरचीच दिसते.

बुधवार, २७ मार्च

वाईट दिवस. काल परवाही. गोळी घेतली की थोडं हटतं आणि परत दारात उभं! डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखण्याची गोळी रोज घ्यायची नाही, मग गोळीच डोकं दुखवायला लागते. मी त्यांना मान हलवून हो म्हटलं होतं. मान हलवायला काय जातं?

सांधाही तापलाय. दात रात्रंदिवस आवळलेले. तोंडात खिळे नाहीत, तरी कसले तरी सांभाळतेच आहे.

तीनच दिवस राहिले.

शनिवार, ३० मार्च

डॉक्टरांनी कागद उभा-आडवा बघितला. "छान! फारच छान. दुखू नये म्हणून दिलेली रोजची गोळी लागू पडली म्हणायची. दुकानाच्या आवाजाचा काही संबंध दिसत नाही."

मी मनीकडे बघितलं. वाटलं, चेहरा फुलेल. तिने कागद हातात घेतला. एकेक चौकोन बोटाने बघत गेली, परीक्षेचा निकाल बघावा तसा. मग घडी घातली.

"बरं झालं," म्हणाली.

बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून थांबली. "काय गं?" "ऊन." काळा चष्मा लावला.

घरी येऊन शोरूमवाल्यांना फोन केला, माझ्यासमोर. "नाही जमणार. हो... नाही, आईचं आता ठीक आहे. हो, दुकानच चालवते."

जिंकले! यांच्या फोटोला सांगितलं, तुमची पाटी शाबूत आहे हो.

मग कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि मी उशी डोक्यावर ओढली.

मंगळवार, २ एप्रिल

जबडा अडकला. सकाळी उठले तर तोंडात बोटही जाईना. मनीने उचलून न्यावं तशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. आज ती हसली नाही. शेक दिला, बोटांनी हळूहळू दाबत थोडं सोडवलं. म्हणाली, काही दिवस बोलणं पूर्ण बंद. पातळ खायचं. पाटी-पेन्सिल जवळ ठेवा.

मी लिहून दिलं — इतकी गप्प तर मी लग्नाच्या मांडवातही नव्हते.

मनी बाहेर औषध घ्यायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईने विचारलं, "आजी, दुखण्याच्या गोळ्या किती घेता? खरं लिहा." खरं लिहिलं. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघत बसली. "तुमच्या लेकीला माहीत आहे?" मी नाही म्हणून मान हलवली. "सांगा." मी तोंडाकडे बोट दाखवलं, बंद आहे म्हणून. "हे कारण नाही हं, आजी."

पोरसवदा म्हणते मी तिला!

बुधवार, ३ एप्रिल

कसं लिहू.

दुपारी जिन्याने खाली निघाले. बोलायचं नव्हतं, पाय अनवाणी, म्हणून मनीला चाहूल लागली नाही. गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांच्या दिवाणाचं बोलणं चाललं होतं. मनी सांगत होती, बैठक अशी करू, पाठीला फोम घालू, आणि वर दोन... दोन...

थांबली. शब्द सापडेना.

"ते... डोक्याखाली घेतो ते."

"उशा?" बाई हसल्या. "अगं, तुझाच धंदा!"

मनीही हसली. आणि हसता हसता, कापड बघते आहे असं दाखवत, डावा डोळा तळव्याने झाकला. मग हात काढून उजवा झाकला.

माझा पाय पायरीवरच राहिला.

हे कुणी कुणाला शिकवत नाही. स्प्रिंग आली की माणूस एक डोळा झाकून बघतो, गेली का? मग दुसरा. दोन्हींत तीच असते, कारण ती डोळ्यात नसतेच. तरी प्रत्येक वेळी बघतोच. माझी आई करायची. मी करते. ज्याला स्प्रिंग दिसत नाही त्याला हे सुचायचंच नाही.

बाई गेल्या. मनीने शटर अर्धं ओढलं, दिवा मालवला आणि उसवलेल्या मोठ्या सोफ्यात, गोणपाटावर, पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून. दात आवळलेले माझ्यासारखे. कट्ट झालं. या वेळी भिंतीवर काही नव्हतं.

जवळ जाऊन बसले. कानापुढची ती जागा, डॉक्टरीणबाई दाबतात ती, अंगठ्याने दाबत राहिले. माझ्या तोंडाला कुलूप. तिने डोळे उघडले नाहीत.

"केव्हापासून उभी होतीस?"

मी तिचा हात दाबला.

"कॉम्प्रेसर लागला की येतंच, आई. दोन वर्षं झाली. गिऱ्हाइकासमोर शब्द जातात. परवा कापड उलटं कापलं. मला वाटलं होतं, तुझ्या कागदावर दिसेल. रोज दुखतं असं दिसेल. मग तुझ्यासाठी म्हणून बंद केलं असतं. माझ्यासाठी कसं करू? बाबांचं, आत्याचं, तुझं... तुम्ही तोंडात खिळे धरून उभं केलेलं दुकान मी डोकं दुखतं म्हणून बंद करायचं? पण तुझा कागद तर कोराच निघाला. बरं वाटलं गं मला. खरंच वाटलं. आणि रडूही आलं."

मी महिनाभर एकेक चौकोन भरत होते ना — दुकान वाचवत होते. आणि पोरीला त्याच दुकानात कोंडत होते.

बोलता येत असतं तरी काय बोलले असते? अंगठा दाबत राहिले. अंधार पडेपर्यंत.

शुक्रवार, ५ एप्रिल

मने,

ही वही तुझ्या कापायच्या टेबलावर ठेवतेय. पहिल्या पानापासून वाच. डॉक्टरांचा कागद खोटा होता, हे खरं आहे. रागाव, पण वाचून झाल्यावर.

किल्लीवाल्याला काल चिठ्ठी देऊन शोरूममध्ये पाठवलं होतं. जागा अजून भरलेली नाही. ते म्हणाले, सोमवारी येऊ दे त्यांना. जा. शटर मी ओढते, माझे हात अजून धड आहेत. तुझ्या आत्याला मी सांगते. ती आधी बोंब मारेल, मग माझी बाजू घेईल. बाबांच्या फोटोचं माझ्यावर सोड.

तोंडाने विचारलं तर तू म्हणशील "बरी आहे". मीही तेच म्हणेन. या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या बऱ्याच आहेत! म्हणून लिहून विचारते. किती दुखतं? कुठल्या बाजूला? स्प्रिंग कुठून निघते, आणि जाताना काय घेऊन जाते? दात आवळलेले आहेत हे तुला कळतं का? आणि मला कधी सांगावंसं वाटलं होतं, नेमकं केव्हा?

खाली पान मोकळं सोडलंय. मी वर जागी आहे. लवकर लिही गं.